पीसी सारखा नेटवरून सुटतो, मोबाईल मात्र व्यवस्थित चालू. नेमकं कुठे शोधावं?

कुळागर:
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती आणि भटकंती विभागातच पडीक असतो, पण आता डोक्यावरून पाणी गेलंय म्हणून इकडे. घरचा डेस्कटॉप सारखा नेटवरून सुटतोय. म्हणजे काम चालू असतं, एकदम खाली कोपऱ्यात तो पृथ्वीगोल येतो, पाच-दहा सेकंद सगळं ठप्प, आणि मग कोणी काही न करता परत चालू. कधी अख्खी दुपार काही नाही, कधी लागोपाठ. पोरीचा ऑनलाईन क्लास मध्येच गोठतो आणि मी जीएसटीचं रिटर्न भरत असलो तर अर्ध्यावरून परत लॉगिन.

घराची रचना आधीच सांगतो, कोणीतरी विचारणारच. म्हार्दोळच्या बाजूला जुनं नळ्यांचं घर, भिंती चिऱ्याच्या आणि दांडग्या जाड, मागच्या बाजूला नंतर स्लॅब घालून वर एक खोली काढली तिला आम्ही माडी म्हणतो. फायबर पुढे सोप्यात येते, राउटर तिथेच. माडीवर वायफायचा एक दांडा दिसला तरी नशीब, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून सोप्यातून माडीपर्यंत लॅनची केबल ओढून घेतली होती, वळचणीखालून बाहेरच्या बाहेर. बरीच वर्षं बिनबोभाट चालली. त्रास सुरू झाला तो यंदाच्या पावसात.

गंमत म्हणजे त्याच वेळी खाली मोबाईल आणि टीव्ही वायफायवर मस्त चालू असतात. नेटवाल्यांना फोन केला (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको), त्यांचा मुलगा आला, राउटर बंद करून चालू केला, स्वतःच्या मोबाईलवर स्पीड दाखवला आणि 'आमच्याकडून ओके' म्हणून गेला. पीसीवर विंडोज १० आहे. चवथीला मुंबईहून भाऊ यायचाय, तो माडीवर बसून ऑफिसचं काम करणार म्हणतो. तोवर निस्तरायला पाहिजे. कुठून सुरुवात करू?

गप्पिष्ट_काका:
फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तुम्ही अजून त्यालाच धरून बसलाय. ११ टाका, सगळे ड्रायव्हर नवे येतील, अर्ध्या दिवसाचं काम.

पेडणेकरीण:
काका, ह.घ्या., पण ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झाली. विंडोज बदलायचं की नाही तो वेगळा विषय, तो सवडीने बघता येईल. आत्ता फॉरमॅट मारला आणि दोष बाहेर कुठे असला तर कुळागरबाबांचा दिवस जाणार, टॅलीचा डेटा धोक्यात येणार आणि पृथ्वीगोल परत हजर.

कुळागरबाब, काहीही बदलायच्या आधी एक करा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग (म्हणजे समोरच्याला 'आहेस का?' विचारून उत्तराची वाट बघणारी आज्ञा) लिहून राउटरचा पत्ता द्या, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असेल, आयपीकॉन्फिग टाईप केलंत की 'डिफॉल्ट गेटवे' समोर दिसतो तोच. त्याच्यापुढे एक जागा सोडून डॅश टी, म्हणजे तुम्ही थांबवेपर्यंत ते चालू राहील. दुसऱ्या खिडकीत तसंच, फक्त पत्ता ८.८.८.८, तो गूगलचा सर्व्हर, म्हणजे घराबाहेरचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आपलं काम करत बसा. नेट सुटलं की बघा, राउटरची ओळ चालू राहून फक्त बाहेरची अडकली तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे नेटवाल्यांशी भांडायचं. दोन्ही एकदम थांबल्या तर दोष राउटर आणि पीसीच्या मध्ये कुठेतरी, मग त्यांना फोन करून उपयोग शून्य. थांबवायला कंट्रोल सी. आणि थांबल्यावर काय अक्षरं येतात ती जशीच्या तशी लिहून घ्या, 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट' आणि 'जनरल फेल्युअर' यात फरक असतो.

नळ्याचं_घर:
वाचतोय. आमच्या केप्यातही सेम रचना, चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय पलीकडे जातच नाही, ५ गिगाहर्ट्झवालं तर दारातच मरतं. मी शेवटी मेश घेतलं, म्हणजे घरात जागोजागी ठेवायचे वायफायचे डबे. तुम्हीही घ्या, केबलीची कटकटच नको.

पेडणेकरीण:
नळ्याचं_घर, मेशचे दोन डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर त्यांनाही तीच भिंत आडवी येते ना? दारं समोरासमोर असली तर चालतं. यांच्याकडे केबल आधीच आहे, ती सोडून हवेवर जायचं म्हणजे पाऊल मागे. आधी पिंगचं येऊ दे.

कुळागर:
केलं. संध्याकाळभर ठेवलं चालू. दोन्ही खिडक्या एकदमच थांबतात, एकदाही फक्त बाहेरची थांबली असं झालं नाही. आणि अक्षरं 'जनरल फेल्युअर' अशी येतात, मग एखाद-दुसरा 'टाइम्ड आऊट', मग परत चालू. चालू असताना राउटरकडून उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत येतं, तेव्हा दुखणं काहीच वाटत नाही.

पोरीने अजून एक दाखवलं. कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये ती बघत बसली होती, तर नेट सुटल्यावर इथरनेटच्या खाली क्षणभर 'नेटवर्क केबल अनप्लग्ड' आलं. केबलीला कोणी हात लावला नव्हता.

वायरमन_डिचोली:
बरं झालं त्या बाईंनी पिंग करायला लावलं, नाहीतर इथे पन्नास प्रतिसाद नुसते अंदाजाचे आले असते. आणि तुमची पोर हुशार आहे. 'केबल अनप्लग्ड' आणि 'जनरल फेल्युअर' हे दोन्ही एकच सांगतात, पीसीच्या नेटवर्क कार्डाला पलीकडे कोणी आहे असंच त्या क्षणी वाटत नाही. डीएनएस, आयपी, राउटरची सेटिंगं, सगळं यादीतून उडवा. उरलं काय, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर, राउटरचा पोर्ट आणि मधली केबल.

स्वस्तातलं आधी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स, आपलं कार्ड, प्रॉपर्टीज. 'पॉवर मॅनेजमेंट'च्या टॅबमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची मुभा विंडोजला दिलेली असते, ती टिक काढा. 'अॅडव्हान्स्ड'मध्ये 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' अशी नावं दिसली तर डिसेबल करा. जुन्या केबलीवर या वीज वाचवण्याच्या प्रकारांनी लिंक पडताना मी पाहिलंय. मग राउटरवर ती केबल दुसऱ्या पोर्टात घाला.

आणि हे नक्की बघून सांगा, इथरनेटच्या स्टेटस खिडकीत 'स्पीड' किती दाखवतंय? १ जीबीपीएस की १०० एमबीपीएस? एकदाच बघू नका, सुटून परत जोडल्यावरही बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या लॉगमध्येही लिंक सुटल्याच्या नोंदी वेळेसकट सापडतील, इंटेलचं कार्ड असलं तर बहुधा २७ नंबरची इशाऱ्याची नोंद. पाऊस कधी होता, पंप कधी लावला, ते त्या वेळांशी ताडून बघता येईल.

दाबोळी_धावपट्टी:
धाग्यात घुसतोय, माफी. माझंही नेट सुटतं पण लॅपटॉप वायफायवर. वास्कोत राहतो, चौथा मजला. ५ गिगाहर्ट्झचं नावच अधूनमधून यादीतून गायब होतं, मिनिटभराने परत येतं. २.४ वालं तेव्हा चालू असतं. हेच कारण असेल का?

कुळागर:
वायरमनबाब, कार्ड रियलटेकचं आहे. पॉवरची टिक काढली, ग्रीन इथरनेट बंद केलं, पोर्ट बदलला. त्यानंतर एकदम शांत झालं, मला वाटलं सुटलो, इथे येऊन आभाराचा प्रतिसादही लिहायला घेतला होता. मग काल संध्याकाळी धो धो पाऊस लागला आणि ये रे माझ्या मागल्या. मधे दोन-तीन दिवस ऊन होतं हे आता लक्षात येतंय.

स्पीडचं तुम्ही विचारलंत ते बरं झालं. सकाळी १ जीबीपीएस होतं. रात्री सुटून परत जोडल्यावर १००. मी पीसी रिस्टार्ट केल्यावर परत १ जीबीपीएस, थोड्या वेळाने परत १००.

पेडणेकरीण:
धाग्याचं काश्मीर करायचं (विषय भरकटवायचा) नाहीये पण दाबोळी_धावपट्टी यांना थोडक्यात सांगते, कारण ते पूर्णपणे वेगळं दुखणं आहे. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. तिथे बसलेल्या राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं, खरं असो की भास, की त्याने तो चॅनेल सोडायचा, अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, असा नियम आहे. आणि त्याच पट्ट्यातला दुसरा चॅनेल धरायचा तर आधी कमीत कमी ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं. तुमचं 'मिनिटभराने परत येतं' ते इथे बसतंय. घर विमानतळाजवळ आहे म्हणून रडारच असेल असं मी म्हणत नाही, पण राउटरमध्ये चॅनेल 'ऑटो' असेल तर काढून ३६ किंवा १४९ ठेवा आणि चार दिवस बघा. पुढचं नवीन धाग्यात विचारा, तिथे येते.

वायरमन_डिचोली:
कुळागरबाब, आता जाळं आवळत आलं. लॅनच्या केबलीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, नेहमीच्या रंगाने भरलेली असली तर नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात, निळी आणि तपकिरी धरून. दोन्ही टोकं आधी गिगाबिट जमतंय का बघतात, एखादी जोडी दगा द्यायला लागली की लिंक पडते, दोन-चार सेकंद परत बोलाचाली, आणि जमलंच नाही तर १०० वर तडजोड. तुमचं सकाळी एक आणि रात्री १०० हे तेच. निळी किंवा तपकिरी, या दोघींपैकी कोणीतरी.

म्हणून दोन तपासण्या. पहिली, पीसी उचलून सोप्यात आणा, राउटरबरोबर आलेली ती आखूड केबल लावा, पावसाच्या संध्याकाळी चालवा. पडलं नाही तर पीसी आणि राउटर दोघेही सुटले. दुसरी, पीसी परत वर नेऊन अॅडव्हान्स्डमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' मुद्दाम १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडून बोलणं; हाफ म्हणजे आळीपाळीने) करा. पडणं थांबलं तर निळ्या-तपकिरी जोड्यांवर शिक्का. ही दुसरी फक्त तपासणीपुरती हां, तशीच ठेवून देऊ नका, एका टोकाला जबरदस्तीने फुल केलं की दुसरं टोक कधीकधी हाफ समजून बसतं आणि मग नेट सुटत नाही पण गोगलगाय होतं.

गप्पिष्ट_काका:
मला वाटतं व्होल्टेज. आमच्याकडे पावसात लाईट अशी लपलप करते की पंखासुद्धा दम खातो. राउटरला छोटा यूपीएस लावा. पंपाचं तर विचारूच नका, पंप लावला की ट्यूब झाकोळते. फॉरमॅटचं मागे घेत नाहीये, पण आधी हे.

कुळागर:
काका, पंपाबद्दल तुम्ही बोललात आणि खरंच, लॉगमधल्या वेळा काढल्या तर संध्याकाळी पोरसात (परसबागेत) पाणी सोडतो त्या सुमारास नोंदींचा घोळका आहे. पण त्या वेळी राउटर बंद होत नाही. राउटरच्या पानावर तो किती वेळ चालू आहे ते दाखवतो, ते सलग आहे, आणि टीव्ही कधी अडला नाही. पंपाचा काहीतरी संबंध आहे पण तो राउटरच्या विजेतून नाही.

वायरमनबाबांच्या दोन्ही तपासण्या केल्या. सोप्यात आखूड केबलवर पीसी ठेवला, बाहेर मुसळधार, पंपही मुद्दाम लावला, एकदाही पडलं नाही, पिंगची एक ओळसुद्धा चुकली नाही. (सोप्यात डेस्कटॉप बघून शेजारच्या आजीने 'नवो टीव्ही हाडला?' विचारलं.) वर नेऊन १०० वर बांधल्यावर पडणं जवळजवळ थांबलं, पण पंप सुरू होताना एखादा झटका बसतोच.

मडगांवचो_पात्रांव:
दोन प्रश्न. केबल अख्खी आहे की मध्ये जोड आहे? आणि पंपाची वायर कुठून जाते?

कुळागर:
पात्रांव, जोड आहे की नाही ते बघितलेलं नाही, केबल वळचणीत वर आहे. पंपाची वायर मात्र त्याच वाशावरून जाते, इलेक्ट्रिशियनने दोन्ही एकाच क्लिपांत आवळल्यात. उद्या रविवार, शिडी लावतो.

पेडणेकरीण:
शिडी लावताना पंपाचा मेन स्विच बंद, आणि पाऊस थांबल्यावरच. नळे पण ओले असतील.

कुळागर:
सापडलं. लांब लिहितोय, सहन करा.

मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, पन्हळ जिथे संपते त्याच्या बरोब्बर खाली, केबलीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा कांद्याएवढा गोळा होता. खालून बघितलं तर वाशाचा गाठाळा वाटावा असा. टेप उन्हाने वितळून चिकट झालेली, सोडवताना बोटं काळी. आत एक पांढरा प्लॅस्टिकचा कपलर, म्हणजे ज्यात दोन्ही बाजूंनी केबलींची टोकं घालतात तो. बंडल कमी पडलं असणार, म्हणून दुसरा तुकडा जोडून काम उरकलेलं. एक टोक बाहेर काढलं तर आधी पाण्याचा थेंब पडला, मग बारीक काळ्या मुंग्या, अंड्यांसकट. त्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी चौथी आणि पाचवी हिरवी पडलेली, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हणासारखी, नखाने खरवडली तर पूड निघते. बाकीच्या मळकट पण शाबूत.

आणि केबलीचं करडं आवरण उन्हाकडच्या बाजूला इतकं कडक झालंय की वाकवलं की तडकतं. क्लिप जिथे ठोकलीय तिथे तडा आतल्या तारांपर्यंत गेलेला. पंपाची वायर सगळ्या वाशाभर हिला मिठी मारून.

वायरमन_डिचोली:
चार आणि पाच म्हणजे निळी जोडी. कागदावर जमलं तसं वाशावरही जमलं, असं रोज होत नाही.

पट्ट्यांवर सोन्याचा नुसता हात फिरवलेला असतो, तो झिजला की खालचं तांबं उघडं पडतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत उघडं तांबं किती टिकणार. ऊन पडलं की जोड सुकतो आणि काम चालतं, पाऊस लागला की परत. तुम्हाला ग्रीन इथरनेट बंद केल्यावर शांत वाटलं ते त्या उन्हाचं देणं. पंपाचंही उलगडलं, पिळलेल्या जोडीवर बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि पलीकडे वजा होतो, पण एका तारेचा जोड कुजका असला की दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत आणि मोटार सुरू होतानाचा दणका आत घुसतो.

आता एक करा, उरलेल्या केबलीतली एक तार ब्लेडने हलकेच खरवडून सांगा आत काय रंग आहे.

कुळागर:
वरून तांबूस, आत पांढरी, चंदेरी.

वायरमन_डिचोली:
मग कपलर बदलून भागवू नका. ही तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. स्वस्त पडते म्हणून खूप खपते. चार वेळा वाकली की तुटते, टोकं भरताना नीट बसत नाही, आणि मुलामा गेला की अॅल्युमिनियम आणि तांबं शेजारी शेजारी ओलीत, म्हणजे कुजायला आमंत्रण. मानकाप्रमाणे लॅनच्या केबलीत ही चालतच नाही.

घेताना दुकानात टोक खरवडून बघूनच घ्या, आतपर्यंत लाल पाहिजे. बाहेरच्या वापराची काळ्या जाड आवरणाची कॅट सिक्स, एकाच तुकड्यात सोप्यापासून माडीपर्यंत, मध्ये जोड नाही म्हणजे नाही. १०० मीटरपर्यंत चालते, तुमचं घर कितीही मोठं असलं तरी तेवढं नसणार. पंपाच्या वायरपासून हातभर लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, बाजूबाजूने धावू देऊ नका. भिंतीतून आत शिरायच्या आधी खाली झोळ सोडा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, केबलीवरून घरात येणार नाही. दोन्ही टोकांना भिंतीवर आयओ बॉक्स (लॅनचा सॉकेट असलेली डबी) बसवा आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड (टोकं भरलेली आखूड केबल), म्हणजे रोजची ओढाताण मूळ केबलीला लागत नाही. रंग दोन्हीकडे एकाच पद्धतीने: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्यातला एकेक येतो, तिथे लोक गफलत करतात, हिरव्या दोन्ही शेजारी लावतात. साधा टेस्टर तरीही आठ दिवे ओळीने लावतो, म्हणून टेस्टरवर विसंबू नका, डोळ्यांनी बघा.

नळ्याचं_घर:
वाखु (वाचनखूण) साठवली. रच्याकने (जाता जाता) आमच्या वळचणीतही असाच एक काळा गोळा आहे, मी आजवर गांधीलमाशांचं घर समजून लांब राहत होतो.

दाबोळी_धावपट्टी:
धाग्यात परत घुसतो. राउटर 'ऑटो'मध्ये चॅनेल १०० वर जाऊन बसत होता, ३६ केला. तेव्हापासून नाव गायब झालेलं नाही. पेडणेकरीणताई, धन्यवाद.

गप्पिष्ट_काका:
म्हणजे माझं व्होल्टेजचं साफ चुकलं नव्हतं, पंप होताच की त्यात.

पेडणेकरीण:
होता हो काका :) निम्मे गुण.

कुळागर:
केबल बदलून झाली. फोंड्याच्या बाजारात पहिल्या दोन दुकानांत तीच चंदेरीवाली 'प्युअर कॉपर साहेब' म्हणून पुढे केली, ब्लेड काढल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता. तिसरीकडे काळी मिळाली, मीटरवर कापून. मागच्या वाशावरून न नेता पुढून राजांगणाच्या कडेने फिरवली, थोडी जास्त लागली पण पंप पूर्ण टळला. टोकं ओळखीच्या मुलाने भरली, मी बाजूला उभं राहून हिरव्याचं बघत होतो, तो वैतागला. स्पीड १ जीबीपीएसवर ठाम आहे, १०० चं बंधन काढून परत ऑटो केलं. काल दिवसभर पाऊस, पंप, दोन वेळा लाईट गेली, पिंगमध्ये एकही ओळ गळली नाही. देव बरें करूं सगळ्यांना.

आता हाव सुटलीय. घरापासून वेगळी एक जुनी गोठ्याची खोली आहे, कुळागराच्या तोंडाशी, मधे उघडी जागा. तिथे कॅमेरा लावायचाय, सुपारीचे घड उतरायला आले की रात्री कोणीतरी येतं. उरलेली काळी केबल माडांवरून टाकून दिली तर?

वायरमन_डिचोली:
माडांवरून नको. दोन वेगळ्या इमारतींच्या मध्ये उघड्यावरून तांबं टाकलं की विजांच्या दिवसांत ते धोका घरात आणतं. वीज केबलीवरच पडायला लागत नाही, जवळपास पडली तरी तारेत दाब चढतो. पोर्टाच्या आतलं इन्सुलेशन १५०० व्होल्टच्या चाचणीचं असतं, विजेपुढे ते काहीच नाही, राउटर आणि पीसी दोन्ही जातील. शिवाय चुडत (माडाची झावळी) पडली की केबल खाली. मधलं अंतर फायबरने भागवा, काचेतून वीज वाहत नाही, फक्त आत धातूची तार नसलेली फायबर मागून घ्या. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारे डबे), जमिनीतून पाइप टाकून. किंवा खोलीत वीज असेल आणि मधे झाड आडवं येत नसेल तर छोट्या वायरलेस ब्रिजची जोडी (समोरासमोर लावून हवेतून नेट पोचवणारे दोन डबे), ती स्वस्त पडेल. खोलीत वीज आहे का ते आधी सांगा.

कुळागर:
वीज आहे, एक बल्ब आणि एक पॉइंट, घरातूनच गेलेली लाईन. मधे एक फणस आणि बऱ्याच पोफळी.

वायरमन_डिचोली:
पावसात ओली पानं सिग्नल पितात, पोफळीतून ब्रिजचा भरवसा नाही. पाइप खणा. चवथ आटपल्यावर, जमीन मऊ आहे तोवर.